काचेतील सांधा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विज्ञानाच्या तासाला बसण्याचे भाग्य मला लाभले. एकदा त्यांनी वर्गात वर्तमानपत्रात गुंडाळलेला बकऱ्याचा गुडघा आणला होता. तो आणताना त्यांना बाजारात कोणी पाहिले आणि पुढे आठवडाभर शिक्षकांच्या खोलीत काय चर्चा झाली, ते येथे सांगण्याचे कारण नाही. सरांनी सुरीने सांधा उघडला आणि हाडाच्या टोकावरचा निळसर पांढरा, ओल्या शंखासारखा चकाकणारा थर आम्हांला बोटाने चोळून पाहावयास सांगितला. इतका गुळगुळीत पदार्थ मी तोवर कधी हाताळला नव्हता. तास संपताना सर म्हणाले, "तुम्हांला सांधा दिसला. बकरा दिसला नाही, हे मात्र लक्षात ठेवा." आम्ही हसलो. त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला पुढची चाळीस वर्षे लागली.

वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले. झिजलेल्या कूर्चेचे काप मी सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो वेळा पाहिले आणि दाखविले. तरीही आजचा विषय निवडला तो एका घरगुती प्रसंगामुळे. माझी थोरली बहीण याच शाळेची विद्यार्थिनी आणि पुढे येथेच मराठीची शिक्षिका. निवृत्तीनंतर तिचे गुडघे दुखू लागले. काही वर्षांपूर्वी तिने मला एक छापील पत्रक दाखविले. गुडघ्यात पेशींची इंजेक्शने घेतल्यास नवी कूर्चा उगवते, असे आश्वासन त्यात होते आणि शेजारी काचेच्या बशीतील पांढऱ्याशुभ्र कूर्चेचे छायाचित्र होते. ताईने विचारले, "अरे, काचेत उगवते ती गुडघ्यात का उगवणार नाही?" मी घाईत होतो. "करून पाहायला हरकत नाही," एवढे बोलून निघून गेलो. तिच्या भविष्य निर्वाह निधीतील मोठी रक्कम त्या इंजेक्शनांत गेली आणि गुडघा होता तसाच राहिला. मला जे ठाऊक होते ते मी तिला सांगितले नाही, ही चूक माझी. ताई आज समोरच्या रांगेत बसली आहे. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी उशिरा का होईना, पण नीट देऊ इच्छितो. त्यासाठी काचेत कूर्चा वाढविण्याचा इतिहासच सांगावा लागेल.

हाडावरचे पांघरूण

मोठ्या माणसाच्या गुडघ्यातील कूर्चेचा थर साधारणपणे दोन ते चार मिलिमीटर जाड असतो. तिच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे घट्ट जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले प्रोटिओग्लायकन नावाचे प्रचंड रेणू. या रेणूंवर ऋण विद्युत्भार असतो, त्यामुळे ते पाणी ओढून धरतात आणि फुगू पाहतात. जाळे त्यांना फुगू देत नाही. ताणून शिवलेल्या खोळीत कापूस ठासून भरावा, तशी ही रचना आहे. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, तो ही ओली गादी पेलते.

या गादीची निगा राखणाऱ्या कूर्चापेशी फार थोड्या, एकूण आकारमानाच्या अवघ्या काही टक्के. प्रत्येक पेशी आपापल्या कोनाड्यात एकटी. तेथे रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. सांध्यातील द्रव गादीत झिरपतो आणि दाबाबरोबर आत-बाहेर करतो, त्यावर या पेशींचा निर्वाह चालतो. हाड मोडले तर रक्त साकळते, त्यातून नव्या पेशी येतात आणि हाड सांधले जाते. कूर्चेला जखम झाली तर तिच्या मदतीला धावून येणारे रक्तच तेथे नाही.

विल्यम हंटर या पंचविशीतील स्कॉटिश शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेविषयी एक निबंध मांडला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे हिप्पॉक्रॅटिसच्या काळापासून सर्वांनी मान्य केलेले आहे, असा त्यातील आशय होता. पुढची जवळजवळ दोनशे वर्षे या निदानाला कोणी धक्का लावला नाही. धक्का लावावयाचा तर कूर्चा जिवंत असताना तिचे वागणे पाहता आले पाहिजे आणि सांध्याच्या आत डोकावून पाहण्याची सोय नव्हती. तेव्हा सांधाच शरीराबाहेर काचेत आणण्याची कल्पना निघाली. अशा रचनेला आज प्रयोगशाळेतील मॉडेल म्हणतात; मी तिला प्रतिकृती म्हणेन.

केंब्रिजची बशी

अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या भ्रूणातील मज्जापेशी शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यांची वाढ पाहिली. ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराचे तुकडे काचेत वाढविण्याची विद्या, येथून पुढे फोफावली. इंग्लंडमध्ये तिचे माहेरघर ठरली केंब्रिजची एक लहानशी संस्था. टॉमस स्ट्रेंजवेज या वैद्याने १९०५ साली ती संधिवाताच्या अभ्यासासाठी रुग्णालय म्हणून सुरू केली होती. रुग्ण पाहता पाहता त्यांना जिवंत पेशींचे वेड लागले. १९२६ साली मृत्यू आणि अमरत्व या विषयावर दिलेल्या व्याख्यानात, खाटकाकडून विकत आणलेल्या सॉसेजमधून आपण जिवंत पेशी वाढविल्या, असे त्यांनी सांगितले होते. आमच्या सरांना ही गोष्ट ठाऊक असती तर त्यांचा केवढा आधार वाटला असता! त्याच वर्षी स्ट्रेंजवेज वारले. संस्थेला त्यांचे नाव मिळाले आणि १९२९ साली तिची सूत्रे ऑनर फेल या एकोणतीस वर्षांच्या प्राणिशास्त्रज्ञ स्त्रीकडे आली. १९७० पर्यंत ती त्यांच्याकडेच होती.

फेल यांची पद्धत आपल्या स्वयंपाकघरातही समजेल अशी साधी होती. घड्याळाच्या काचेसारखी खोलगट बशी, तीत कोंबडीच्या रक्तातील द्रव आणि भ्रूणाचा अर्क यांचा साकळलेला थर, त्यावर कोंबडीच्या भ्रूणातून काढलेला अवयवाचा चिमुकला अंकुर. बशीभोवती ओला कापूस, वर झाकण आणि बाहेर ऊब. १९२९ साली फेल आणि जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिसन यांनी प्रसिद्ध केले की, अशा बशीत भ्रूणाच्या मांडीच्या हाडाचा कूर्चामय अंकुर वाढतो आणि शरीराचा कोणताही आधार नसताना मांडीच्या हाडाचा आकार धारण करतो. कूर्चेला आपला आकार स्वतःलाच ठाऊक असतो, हे त्या बशीने दाखविले.

तिच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली होती. १९५२ साली फेल आणि एडवर्ड मेलनबी यांनी त्या अंकुरांना अ जीवनसत्त्वाची अतिरिक्त मात्रा दिली. काही दिवसांतच कूर्चेची गादी विरघळू लागली. पुढे लुईस टॉमस या अमेरिकी वैद्याने १९५६ साली सशांचा एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. सशाच्या शिरेत पपेन टोचले की त्याचे ताठ कान काही तासांत कुत्र्याच्या कानांसारखे लोंबू लागत आणि काही दिवसांनी पुन्हा उभे राहत. पपेन म्हणजे पपईच्या चिकातील पाचक द्रव्य. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा घालणाऱ्या गृहिणींना त्याचा गुण सांगावयास नको. कानातील कूर्चेचा कापूस त्याने विरघळला होता, आणि पेशींनी तो पुन्हा भरून काढला होता. टॉमस आणि फेल यांनी १९६० साली दोन्ही परिणाम शेजारी ठेवून तपासले, तेव्हा बशीतील कूर्चेवर अ जीवनसत्त्वाचा परिणाम बराचसा पपेनसारखाच दिसला. पपेन स्वतःच पाचक आहे. अ जीवनसत्त्व नाही. म्हणजे पचविणारे द्रव्य कूर्चेच्या स्वतःच्या पेशींत असले पाहिजे आणि जीवनसत्त्वाने ते नुसते मोकळे केले असले पाहिजे, हा तर्क बळावला. कूर्चा केवळ बाहेरून घासली जाऊन झिजते, या समजुतीला येथे पहिला तडा गेला.

ऊतिसंवर्धनाची ही विद्या आपल्या देशात रुजविण्याचे श्रेय एका मराठी स्त्रीकडे जाते. पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी वाढविण्याचे शिक्षण घेतले आणि परत येऊन भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. त्यांचा विषय कर्करोगाचा. पण काचेत पेशी जगविण्याची कला विषयागणिक बदलत नाही.

शेजाऱ्याचा निरोप

सांध्यात कूर्चा एकटी नसते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असते आणि त्यातून वंगणद्रव पाझरतो. संधिवातात हे अस्तर सुजते. फेल यांच्या बशीत हे अस्तर नव्हते. निवृत्तीनंतरही काम करीत राहिलेल्या फेल यांनी १९७७ साली रोझमेरी जब यांच्याबरोबर ती उणीव भरून काढली. त्यांनी डुकराच्या सांध्यातील अस्तर आणि कूर्चा एकाच बशीत ठेवली. काही बशांत कूर्चा जिवंत होती, काहींत मुद्दाम मारलेली. अस्तर कूर्चेला चिकटून ठेवले तर जिवंत आणि मृत, दोन्ही प्रकारची कूर्चा विरली. अस्तर काही अंतरावर ठेवले तर मृत कूर्चा जशीच्या तशी राहिली. विरली ती फक्त जिवंत कूर्चा. याचा अर्थ असा की, अस्तरातून एखादा निरोप कूर्चापेशींकडे जातो आणि तो मिळताच पेशी आपल्याच घराच्या भिंती पाडू लागतात. मृत पेशींना निरोप ऐकू येत नाही, म्हणून त्यांचे घर शाबूत राहते. इतक्या साध्या साधनांनी इतका मोठा निष्कर्ष काढल्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

या निरोपाला केंब्रिजच्या मंडळींनी कॅटाबोलिन हे नाव दिले. जेरेमी साकलातवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शुद्ध स्वरूपात मिळविला, तेव्हा १९८४ साली असे आढळले की, ज्वर आणि दाह यांच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या इंटरल्यूकिन-१ या प्रथिनाचेच ते एक रूप आहे. प्रयोगशाळांना एक सोयीचे साधन मिळाले. कूर्चेच्या तुकड्यावर इंटरल्यूकिन-१ घातले की काही दिवसांत ती विरते. मग जे औषध तिला विरू देणार नाही, ते संधिवाताचे औषध ठरण्यासारखे. पुढची अनेक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी झिजेच्या संधिवाताची हीच प्रतिकृती वापरली. तिचा हिशेब पुढे करू.

पेशींचे विस्मरण

आतापर्यंत प्रश्न विनाशाचा होता. दुरुस्तीसाठी पेशी हव्यात, आणि कूर्चेत त्या मुळातच थोड्या. तेव्हा कूर्चेचा तुकडा पाचक द्रव्यात विरघळवून पेशी मोकळ्या करणे आणि त्या सपाट बाटलीत वाढवून त्यांची संख्या वाढविणे, हा मार्ग पुढे आला. परंतु येथे एक विचित्र अडचण उभी राहिली. सपाट काचेवर पसरलेली कूर्चापेशी लांबट होते, भराभर विभागते आणि आपला धंदा विसरते. कूर्चेचे खास असे दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन करण्याऐवजी ती त्वचेत आणि व्रणांत आढळणारे पहिल्या प्रकारचे कोलॅजेन करू लागते. असल्या पेशींनी भरलेली जखम व्रणासारखीच भरणार.

१९८२ साली बेन्या आणि शाफर या अमेरिकी संशोधकांनी सशाच्या अशा विस्मरण झालेल्या पेशी समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या अगारोजच्या घट्ट लापशीत मिसळल्या. लापशीत पसरावयास जागा नाही. पेशींना पुन्हा गोल व्हावे लागले. गोल होताच त्या पुन्हा दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन करू लागल्या. पेशीच्या भोवतालची जागा सपाट आहे की भरीव, एवढ्यावरून ती कोण आहे हे ठरते, असे यातून दिसले. त्यानंतर कूर्चेच्या प्रतिकृती सपाट राहिल्या नाहीत. लापश्या, सच्छिद्र स्पंज आणि विरघळणाऱ्या धाग्यांचे साचे यांचे युग आले.

दरम्यान स्वीडनमध्ये गॉथेनबर्ग येथे लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांवरील प्रयोगांनंतर १९८७ साली माणसावर पहिली शस्त्रक्रिया केली. गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या कडेवरून कूर्चेचा लहान तुकडा काढावयाचा, प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे पेशी वाढवावयाच्या आणि त्या जखमेत सोडून वरून हाडाच्या आवरणाचे ठिगळ शिवावयाचे. १९९४ साली पहिल्या २३ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. मांडीच्या हाडाच्या टोकावर ज्यांची जखम होती, अशा १६ पैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आला होता. वाटीच्या मागे जखम असलेल्या सातांपैकी दोघांनाच. हंटरच्या निदानाला अडीचशे वर्षांनी मिळालेला हा पहिला मोठा अपवाद.

ताई, तुझ्या पत्रकाचा वंश येथे सुरू होतो, म्हणून येथे थोडे थांबू. ते २३ रुग्ण १४ ते ४८ वर्षे वयाचे होते. त्यांच्या गुडघ्यात बहुतेक अपघाताने पडलेला एक मर्यादित खड्डा होता; भोवतालची कूर्चा निरोगी होती. रस्त्यातला एक खड्डा बुजविणे वेगळे आणि खचलेल्या जमिनीवरचा सबंध रस्ता पुन्हा करणे वेगळे. झिजेच्या संधिवातात संपूर्ण सांधाच आजारी असतो: कूर्चा पातळ, खालचे हाड कठीण, अस्तर सुजलेले, स्नायू दुबळे. पहिल्या कामातील यश दुसऱ्या कामाच्या जाहिरातीत छापले गेले की, छायाचित्र खरे असूनही आश्वासन खोटे होते.

भाराची शिकवण

प्रतिकृतींतून आणखी एक गोष्ट सुटली होती. बशीत कूर्चेवर कोणी उभे राहत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ॲलन ग्रोडझिन्स्की यांच्या गटाने वासराच्या कूर्चेच्या चकत्या यंत्रात दाबून पाहिल्या. १९८९ साली त्यांनी दाखविले की, चकती एकसारखी दाबून धरली तर पेशींचे नवनिर्माण मंदावते. तीच तालात दाबली आणि सोडली तर, योग्य वेग असल्यास, नवनिर्माण वाढते. चालण्यात हाच ताल असतो.

याची उलट बाजू पाहण्यासाठी कूर्चेला अंतराळात जावे लागले. त्याच संस्थेतील लिसा फ्रीड, रॉबर्ट लँगर आणि गॉर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांनी वासराच्या कूर्चापेशी विरघळणाऱ्या धाग्यांच्या साच्यावर तीन महिने वाढविल्या. मग काही चकत्या पृथ्वीवर ठेवल्या आणि काही सप्टेंबर १९९६ मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर पाठविल्या. जानेवारी १९९७ मध्ये त्या परत आल्या. चार महिने वजनरहित राहिलेल्या चकत्या गोल गोळ्यांसारख्या झाल्या होत्या आणि त्यांचा ताठपणा पृथ्वीवरील भावंडांच्या सुमारे एक तृतीयांश भरला. पेशी जिवंत होत्या, अन्न मिळत होते, उणीव होती ती वजनाची. पुढे २०१९ साली इटली आणि स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी टपाल तिकिटाएवढ्या चिपवर मानवी कूर्चा वाढविली. तिला ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे नेहमीच्या मर्यादेबाहेर, वारंवार दाबल्यावर बाहेरून कोणतेही दाहक द्रव्य न घालताच तिच्यात झिजेच्या संधिवाताची लक्षणे उमटली. थोडक्यात, भार नसला तर कूर्चा दुबळी राहते आणि अतिरेकी भाराने ती आजारी पडते.

हिशेब

आता मघाशी राखून ठेवलेला हिशेब. इंटरल्यूकिन-१ ने विरणारी कूर्चा हीच जर आजाराची प्रतिकृती, तर त्या प्रथिनाला अडविणाऱ्या औषधाने गुडघा बरा व्हावयास हवा. २००९ साली १७० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: ॲनाकिन्रा हे असे औषध थेट गुडघ्यात टोचूनही, नुसत्या द्रवाच्या इंजेक्शनापेक्षा त्याचा गुण अधिक ठरला नाही. बशीने खोटे सांगितले नव्हते. काही दिवसांत एका प्रथिनाने कूर्चा विरते का, एवढेच तिला विचारले होते आणि तिचे उत्तर होकारार्थी होते. वीस वर्षांत सावकाश बिघडणाऱ्या गुडघ्याविषयी तिला कोणी विचारलेच नव्हते.

दुसरे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. स्प्रिफर्मिन हे प्रथिन प्रयोगशाळेत कूर्चापेशींना वाढीस लावते. ५४९ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचा वृत्तांत २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी, सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्यांच्या गुडघ्यातील कूर्चा तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटरने जाड भरली. म्हणजे प्रतिकृतीने सांगितले ते माणसातही काही अंशी घडले. परंतु दुखण्यात फरक आढळला नाही. कूर्चेत मज्जातंतू नसतात, हे आपण आरंभीच पाहिले. दुखते ते अस्तर, हाड आणि भोवतालचे बंध. कूर्चेच्या एकट्या प्रतिकृतीला वेदना ठाऊकच नव्हती, आणि रुग्ण वैद्याकडे येतो तो वेदनेमुळे.

तिसरी गोष्ट वयाची. फेल यांचे भ्रूण, बोस्टनची वासरे, कोवळे ससे: आपल्या बहुतेक प्रतिकृती बालवयातील आहेत. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ साली अणुचाचण्यांमुळे १९५० आणि ६० च्या दशकांत वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे मानवी कूर्चेतील कोलॅजेनचे वय मोजले. वाढीचे वय सरल्यावर कोलॅजेनचे जाळे जवळजवळ नव्याने विणले जात नाही. निरोगी सांध्यात नाही आणि आजारी सांध्यातही नाही. सशाचा कान काही दिवसांत ताठ झाला, कारण पपेनने कापूस नेला होता, खोळ नव्हे. साठीतील गुडघ्यात खोळच फाटलेली असते.

या साऱ्यातून प्रयोगशाळा निराश झाल्या नाहीत, शहाण्या झाल्या. २०२२ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी मानवी मूलपेशींपासून कूर्चा, हाड, सांध्याचे अस्तर आणि चरबी अशा चार ऊती वाढवून त्या एका लहानशा यंत्रात एकमेकींशी जोडल्या. शेजाऱ्यांचे निरोप आता एकाच घरात ऐकू येऊ लागले आहेत. आपल्या देशातही २०२३ साली औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा चिप आणि पेशींच्या त्रिमित रचनांवरील पुराव्याला स्थान मिळाले. फेल यांच्या बशीत जे जे नव्हते, ते एकेक करून आत येत आहे. तरीही त्या यंत्राला जिना चढावा लागत नाही आणि सत्तर वर्षांचे आयुष्य त्याच्या मागे नाही, हे विसरून चालणार नाही.

ताईचे उत्तर

तेव्हा ताई, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. काचेत कूर्चा उगवते, हे खरे आहे. तेथे पेशी कोवळ्या असतात, त्यांना रोज ताजे अन्न मिळते, कोणी त्यांच्यावर चालत नाही आणि शेजारी सुजलेले अस्तर नसते. तुझ्या गुडघ्यात यांपैकी एकही सवलत नाही. त्या छायाचित्राखाली एवढे चार शब्द छापले असते तर तुझा निधी वाचला असता. ते छापण्याचे काम पत्रक काढणाऱ्यांनी केले नाही आणि तोंडी सांगण्याचे काम मी केले नाही.

येथे जमलेल्यांपैकी अनेकांच्या हाती असे पत्रक आज ना उद्या पडेल. तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. हा गुण बशीत आला, प्राण्यात आला की माणसात आला? ती माणसे माझ्या वयाची आणि माझ्याच आजाराची होती काय? दुसऱ्या एखाद्या गटाशी त्यांची तुलना केली होती काय? आणि शेवटी, त्यांचे दुखणे कमी झाले काय, की नुसते चित्र सुधारले? या प्रश्नांना जो वैद्य रागावतो, त्याच्यापासून दूर राहणे बरे. दरम्यान वजन आटोक्यात ठेवणे, मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि गरज पडल्यास योग्य वेळी सांधारोपण, हे उपाय दिसावयास नीरस असले तरी माणसांवर कसोटीला उतरलेले आहेत. ताईने गेल्या वर्षी सांधारोपण करून घेतले आणि आज ती सभागृहाचा जिना स्वतः चढून आली.

जाता जाता कोपनहेगनच्या त्या कार्बनची एकदा आठवण करून देतो. आपल्या गुडघ्यातील कोलॅजेनचे जे जाळे आज आपल्याला उभे धरते, ते बहुतेक आपण शाळेत असतानाच विणले गेले. या मैदानावर खो-खो आणि लंगडी खेळताना त्याची वीण चालू होती. पुढे त्याची दुरुस्ती होणार नव्हती, हे तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. आज या मैदानावर धावणाऱ्या मुलांचे जाळे सध्या विणले जात आहे. मैदान मोकळे ठेवावे आणि मुलांना तेथे खेळू द्यावे, एवढी विनंती मी व्यवस्थापक मंडळाला करतो.

सरांनी आम्हांला सांधा दाखविला आणि न दिसणाऱ्या बकऱ्याची आठवण ठेवावयास सांगितले. ते काम माझ्या हातून नेहमीच झाले असे नाही.